टोपणाखालची साय आणि ४६ हजारांचा कागद

पत्र

आमची गाडी पेट्रोल-सीएनजी, किट कंपनीचंच. नऊ वर्षांची आहे, पळालीय ७८ हजार किलोमीटर. गेल्या उन्हाळ्यापासून तापते. मांडवी, न्यायमंदिर, खंडेराव मार्केट, संध्याकाळचा रावपुरा, म्हणजे जिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडायचं तिथे सुई चढते. एसी बंद केला की जरा उतरते. एक्स्प्रेसवेने अहमदाबादला गेलो तर वाटेत काहीच होत नाही, तिथल्या सीटीएम चौकाच्या गर्दीत शिरलो की पुन्हा तेच.

सासऱ्यांच्या वेळेपासूनचे आमचे एक मिस्त्री आहेत. त्यांनी ‘वॉल्व अडकतो’ म्हणून वॉल्वच काढून टाकला आणि पाणी भरून दिलं. थंडीत बरं गेलं, फेब्रुवारी संपता संपता परत सुरू. मग सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने ऑइलचं टोपण उघडलं, आतली पांढरट साय दाखवली, ‘हेड गॅस्केट गयुं’ म्हणाला आणि ४६ हजारांचा अंदाज हातात दिला. मी दोन प्रश्न विचारले तर ‘सरांना पाठवा’. आमचे हे दहेजला असतात, शनिवार-रविवारीच घरी. पुण्याचा भाचा म्हणतो वॉटर पंप बदल, त्याच्या गाडीला तेच झालं होतं. शेजारच्या भाईंनी रेडिएटरमध्ये ओतायची लीक बंद करणारी बाटली मागवून दिली, अजून फोडलेली नाही. धाकटे दीर म्हणतात विकून टाका, आणि सव्वा लाखात स्वतःच घ्यायला तयार आहेत! मे महिन्यात मावससासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला सापुताऱ्यावरून नाशिकला जायचंय. कोणाचं ऐकू?

ता. क. : गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर जायला हल्ली फार वेळ लावते, ॲव्हरेजही उतरलंय. आणि २०२४च्या पुरात पार्किंगमध्ये बंपरपर्यंत पाणी आलं होतं, पण आम्ही गाडी सुरू केली नव्हती, नंतर काही झालंही नाही. संबंध नसावा, तरी लिहिते.

– एक गाडीमालकीण, कारेलीबाग, बडोदा

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्र सल्ल्यांनी भरलंय आणि कामाची माहिती तुम्ही ता. क. मध्ये ढकललीत. भाच्याने त्याच्या गाडीचं औषध सांगितलं, भाईंनी दुकानात सहज मिळतं ते, दिरांनी त्यांच्या सोयीचं. तुमच्या गाडीला झालंय काय, हे वर्षभरात एकानेही तपासून सांगितलेलं दिसत नाही. मिस्त्रींनी नाही आणि ४६ हजारांचा कागद देणाऱ्यांनीही नाही. तेव्हा तूर्तास कोणाचंच ऐकू नका. बरीचशी तपासणी तुमच्या पार्किंगमध्येच होईल, खर्च चहापाण्याइतका.

‘गाडी तापते’ ही अर्धी तक्रार झाली. कधी तापते, हे उरलेलं अर्धं तुम्ही अगदी नेमकं लिहिलंय. इंजिनचं गरम पाणी गार करणाऱ्या रेडिएटरला वारा दोन वाटांनी मिळतो. गाडी पळत असली की समोरून आपोआप, उभी असली की पंख्याने ओढला तरच. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या आसपास पळताना इंजिन कितीतरी जास्त उष्णता तयार करतं आणि तरी तुमची सुई जागची हलत नाही. याचा अर्थ पंप पाणी फिरवतोय आणि रेडिएटरच्या नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या आहेत. पंप कमजोर झाला किंवा रेडिएटर आतून चोक झाला की गाडी बहुधा उलट वागते, गावात सांभाळून घेते आणि हायवेला किंवा चढावर तापते. तुमची फक्त रखडली की तापते. माझा पहिला संशय पंख्यावर.

एसीचंही तेच. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो, तो स्वतःची उष्णता सोडतो आणि ती गरम हवा मागच्या रेडिएटरमध्ये शिरते. म्हणून एसी बंद केल्यावर सुई उतरते. एक गोष्ट मुद्दाम बघा: मांडवीला अडकल्यावर एसीची हवा कोमट होते का, आणि गाडी हलली की पुन्हा गार? होत असेल तर पंख्याविरुद्ध दुसरा साक्षीदार मिळाला.

आता पुराचं. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी गावात शिरली, तेव्हा पाणी ओसरल्यावर ज्यांनी ‘बघू तरी’ म्हणून किल्ली फिरवली त्यातल्या कित्येकांनी इंजिन गमावलं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तुम्ही हात लावला नाहीत, फार शहाणपणाचं केलंत. पण बंपरपर्यंत पाणी म्हणजे पंख्याची मोटर आणि तिचा कनेक्टर पाण्यात, तेही मगरींच्या नदीच्या गाळपाण्यात. मोटर अशी लगेच जात नाही. बेअरिंगला गंज धरतो, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड साचते, पंखा आधी मंद फिरतो, मग कधी फिरतो कधी नाही. थंडीच्या महिन्यांत हवाच गार असल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढचा उन्हाळा आला की गाडी तापायला लागते आणि तोवर पूर सगळे विसरलेले असतात. तुमच्या तारखा याच्याशी जुळतात.

पुराने गाळ कोंबून ठेवलेली आणखी एक जागा असते, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली बोटभर फट. समोरून टॉर्च मारला तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि आत वाळलेला गाळ, पानं, पिसं, पिशवीचा तुकडा आणि आपल्या गावात हमखास उत्तरायणचा मांजा असतो. गरज पडली तर रेडिएटर सैल करून ती फट धुवावी लागते. पाणी साध्या नळीचं आणि पंख्याच्या बाजूने पुढे मारायचं. वॉशिंगवाल्याच्या प्रेशर गनने रेडिएटरच्या नाजूक पत्र्या आडव्या होतात आणि होता तेवढाही वारा बंद होतो.

पंखा बघायची पद्धत सांगते. सकाळी, इंजिन गार असताना, बॉनेट उघडून गाडी सुरू करा आणि एसी पूर्ण लावा. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर लागला की काही सेकंदांत पंखा फिरायला हवा. काही गाड्यांना दोन पंखे असतात, तुमच्या गाडीला असतील तर दोन्हीकडे लक्ष ठेवा. ओढणी, पदर, बांगड्या लांब. हा पंखा विजेवरचा आहे, कधीही सुरू होतो, काही गाड्यांत तर किल्ली काढल्यानंतरही. नंतर एसी बंद करून इंजिन तसंच चालू ठेवा. सुई मधोमध येऊन थोडी वर सरकायला लागली की पंखा पुन्हा लागला पाहिजे. सुई चढत गेली आणि पंखा ढिम्म राहिला तर लगेच इंजिन बंद करा, तपासणी संपली. (आपल्याकडे बॉनेट उघडलं की पार्किंगमधले पाचजण जमतात आणि पाचही जणांना कारण माहीत असतं. त्यांच्याकडून टॉर्च धरून घ्या.)

पंखा फिरला नाही तर मिस्त्रींकडे न जाता ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. तो फ्यूज बघेल, पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज सोडणारा खटका, तशाच दुसऱ्या रिलेशी बदलून बघेल, मग मोटरला बॅटरीची वायर थेट लावेल. थेट वायरवर मोटर जोरात फिरली तर ती चांगली आहे, दोष रिले, कनेक्टर, वायरिंग किंवा तापमानाच्या सेन्सरमध्ये. थेट वायरवरही रडतखडत फिरली तर मोटर गेली. हे तुमच्या डोळ्यांसमोर होण्यासारखं काम आहे, चहा पिऊन होईपर्यंत उत्तर मिळतं. रिले दोन-चारशे रुपयांत येतो. लहान गाडीच्या पंख्याचा पूर्ण सेट अडीच ते सहा हजारांच्या दरम्यान, मॉडेलप्रमाणे मागेपुढे.

आता तुमच्या मिस्त्रींचा वॉल्व, आणि इथेच तुमच्या पत्रातली खरी गंमत आहे. वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना तो बंद राहतो, त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनमध्येच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. ८२ ते ९० अंशांच्या आसपास तो उघडतो, नेमका आकडा वॉल्ववरच कोरलेला असतो. जुन्या मिस्त्रींना तो शत्रू वाटतो, कारण जुन्या गाड्यांत तो गंजून बंद अवस्थेत अडकायचा आणि काढून टाकला की गाडी खरंच तापायची थांबायची. आजच्या गाडीत त्या तापमानावर पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवतो. वॉल्व नसला की इंजिन बराच वेळ गार राहतं, संगणकाला वाटतं अजून सकाळच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज उतरण्याचं कारण बहुधा हेच.

सीएनजीचंही कोडं इथेच सुटतं. टाकीत गॅस २०० बारच्या आसपास दाबाने भरलेला असतो. दाब कमी होताना गॅस इतका थंड होतो की दाब उतरवणारा रिड्यूसर गोठेल, म्हणून त्याच्याभोवती इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. पाणी ठरावीक गरम झाल्याशिवाय किट गॅसवर जातच नाही. वॉल्व काढल्यावर पाणी उशिरा गरम होणार आणि तुमची गाडी कारेलीबागेतून निघून बरीच पुढे जाईपर्यंत पेट्रोलच पीत राहणार. थंडीतला आराम वॉल्व काढल्याने मिळाला असंही समजू नका. डिसेंबर-जानेवारीत गार हवेने तुमच्या मंद पंख्याचं काम भागवलं, एवढंच.

आणि ती साय. पेट्रोल काय, गॅस काय, जळलं की पाण्याची वाफ तयार होते, सीएनजीत तर जरा जास्तच. थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या जागेत उतरते. इंजिन नीट गरम होत असेल तर ती उडून जाते. इंजिन गारच राहिलं आणि फेऱ्या शाळा-भाजी-बँक अशा लहान असल्या, तर ती वर टोपणाला थंड जागी जमते आणि ऑइलमध्ये फेटली जाऊन पांढरट-पिवळी साय धरते. म्हणजे मिस्त्रींनी वॉल्व काढला, त्यामुळे हिवाळाभर इंजिन गार राहिलं, त्यामुळे टोपणाला साय आली, आणि ती बघून सर्व्हिस सेंटरने ४६ हजारांचं गॅस्केट लिहून दिलं. इतक्या लांबून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण तुमच्या ता. क. मुळे ही साखळी मला जास्त पटते.

त्या मुलाने खोटं दाखवलं असं मी म्हणणार नाही. हेड गॅस्केट फाटलं तरी अशी साय येते. पण तेव्हा ती एकटी येत नाही. गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला पातळ थर. तो फाटला की पाणी ऑइलमध्ये जातं किंवा जळालेला वायू पाण्यात शिरतो. मग ऑइलची पट्टी काढून पुसून बघितली तर ऑइल दुधाळ दिसतं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, कुठेही न ठिबकता कमी होत जातं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची रेडिएटरची वरची जाड नळी सकाळी दाबून बघितली तर अजून कडक लागते. गार इंजिन सुरू केल्यावर पाण्यात बुडबुडे येत राहतात, थांबत नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर इंजिन गरम झाल्यावरही चालू राहतो. यातलं काही दिसतंय का, हे तुम्ही स्वतः बघू शकता. कूलंटच्या पांढऱ्या डब्यावर पाण्याच्या पातळीशी मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी, गाडी गार असताना, बघा. पट्टीवरचं ऑइल तपकिरी आणि स्वच्छ, नळी मऊ, पाणी रेघेला, असं असेल तर निव्वळ टोपणाच्या सायीवरून हेड उघडू देऊ नका.

तरी एक परीक्षा करून घ्याच. गाडी वर्षभर अधूनमधून तापलीय, आणि सुई लाल पट्ट्यात असताना ती कधी चालवली गेली असेल तर ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं असू शकतं. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी धरतात, तिच्यात निळं रसायन असतं. पाण्यातून जळालेला वायू येत असेल तर ते पिवळं पडतं. त्याच्या जोडीला सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजतात. या दोन्हींना लागेल तो खर्च ४६ हजारांपुढे किरकोळ आहे. रसायन निळंच राहिलं आणि सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आलं तर गॅस्केटचा विषय बंद. पिवळं पडलं तर मात्र रडत बसू नका, ते काम करावंच लागेल. मग हेड काढून त्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून किती वाकलंय ते तुमच्यासमोर मोजायला सांगा. फेसिंगसाठी, म्हणजे हेड घासून सपाट करायला, मशीन शॉपला पाठवणार असतील तर त्या शॉपचं वेगळं बिल मागा. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीमुळे (जीआयडीसी) आपल्या गावात अशा कामाच्या माणसांना तोटा नाही. हेडचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच ताणले जाण्यासाठी बनवलेले असतात, ते नवे लिहिलेत का बघा.

आता पाण्याबद्दल. मिस्त्रींनी ‘पाणी भरून दिलं’ असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मी कपाळाला हात लावला. बोअरचं असेल तर क्षार, नळाचं असलं तरी क्षार, आणि गंजरोधक काहीच नाही. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं आहे, आणि दाबही जवळपास तेवढाच, एक बारच्या आसपास. त्या दाबाखाली पाणी शंभरऐवजी १२० अंशांजवळ उकळतं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली, रबर चिरलं की पाणी शंभरलाच उकळून डब्यात फेकलं जातं आणि लोक म्हणतात गॅस्केट गेलं. झाकण दोन-चारशे रुपयांचं, नवंच टाका. जुनं पाणी काढून प्रणाली फ्लश करा आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेला कूलंट भरा. हिरवा, लाल, निळा या रंगांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनी आपल्या मनाचा रंग घालते. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी मिसळायचं नाही. घट्ट कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी. भरल्यानंतर हवा काढली का, हे विचारा, कारण सीएनजीच्या गाडीत रिड्यूसरच्या नळ्यांत हवा अडकून राहते आणि नव्या कूलंटवरही गाडी तापते. काढलेला जुना कूलंट पार्किंगमध्ये ओतू देऊ नका. तो चवीला गोड आणि विषारी असतो, सोसायटीची कुत्री-मांजरं चाटतात.

मिस्त्रींना हे सांगायचं कसं, ही तुमची खरी अडचण असणार. घरचा माणूस, सासऱ्यांचा विश्वासू, त्यांना ‘तुमचं चुकलं’ कसं म्हणायचं? म्हणायची गरजही नाही. ‘काका, गाडी गॅसवर उशिरा जाते, नवा वॉल्व आणलाय, तेवढा बसवून द्या’ एवढंच. बसवण्याआधी तो गरम पाण्यात सोडून उघडतो का ते दाखवा म्हणावं, मिस्त्री मंडळींना असली प्रात्यक्षिकं आवडतात. भांडं त्यांच्या गॅरेजमधलंच असू दे. वॉल्व पाचशे ते दीड हजारापर्यंत. आणि ‘जूनो पार्ट डिकीमां मूकी आपजो’ (जुना पार्ट डिकीत ठेवून द्या) हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक गॅरेजला सांगून ठेवावं, ओळखीच्याही.

सर्व्हिस सेंटरचं वेगळं. तिथे संकोच कसला? ‘सरांना पाठवा’ म्हणणाऱ्याला शांतपणे सांगा की आरसी कोणाच्याही नावावर असो, गाडी मी चालवते, काय तपासलं ते मला लेखी द्या. जॉब कार्डवर, म्हणजे त्यांच्या कामाच्या नोंदपत्रकावर, तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या: रखडताना तापते, हायवेला नाही. ‘ओव्हरहीटिंग’ एवढ्या एका शब्दावर सही करू नका. अंदाजात पार्ट, मजुरी आणि जीएसटी वेगवेगळे हवेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा कर सरसकट १८ टक्के झालाय. जे पार्ट आधी २८ टक्क्यांत होते त्यांचा जुना दर कोणी छापून दिला तर बोट ठेवा. पक्कं बिल न देणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारात मोडतं. वाद फारच वाढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बहुतेक वेळा हा आकडा काउंटरवर सहज उच्चारला तरी समोरचा माणूस मॅनेजरला बोलावतो. आणि हो, सर्व्हिस सेंटरला नेहमी चोर ठरवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला मान्य नाही. महाग असतात खरे, पण स्कॅनर आणि पुस्तक त्यांच्याकडे असतं. गॅस्केटची ती निळ्या रसायनाची परीक्षा तिथेच पैसे देऊन करून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त परीक्षेपुरतं जॉब कार्ड करा.

भाच्याचं पंपाचं म्हणणं आत्ताच सोडून देऊ नका, बाजूला ठेवा. पंपाखाली ओलावा किंवा वाळलेल्या कूलंटचे डाग दिसले, घरघर ऐकू आली तर बघू. दिरांच्या सव्वा लाखाबद्दल मी बोलणं बरं नाही. नवीन लहान गाड्यांवरचा कर उतरल्यापासून जुन्या गाड्यांच्या भावावर दबाव आहे हे खरं, पण तुमच्या गाडीच्या नोंदणीची अजून सहा वर्षं शिल्लक आहेत आणि तापणाऱ्या गाडीचा भाव तापण्याचं कारण कळल्यावरच ठरवावा. दिरांना कारण ठाऊक असेल तर गोष्ट वेगळी!

नाशिकची तयारी. वर सांगितलेली कामं म्हणजे पंखा, वॉल्व, झाकण, कूलंट आणि मजुरी. गॅस्केट धड निघालं तर माझ्या हिशेबाने हे सगळं दहा-बारा हजारांच्या आत बसावं, नुसता कनेक्टर किंवा रिले निघाला तर त्याच्या निम्म्यात. काम एप्रिलच्या शेवटापर्यंत उरका आणि एका रविवारी, तुमचे हे घरी असताना, पावागढला माचीपर्यंत गाडी चढवून आणा, एसी लावून, भर दुपारी. माचीचा रस्ता सापुताऱ्याच्या मानाने छोटा आहे, पण चढावर पंप आणि रेडिएटर कसे वागतात ते कळेल. परत आल्यावर संध्याकाळी खंडेराव मार्केटला एक चक्कर, म्हणजे पंख्याचीही परीक्षा झाली. दोन्हीकडे सुई मधोमध राहिली तरच वघईच्या पुढे सापुताऱ्याच्या घाटाला लागा. सीएनजी टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी लागते. तिच्या पाटीवरची तारीख उलटली असेल तर वाटेत पंपावर गॅस नाकारतील, तेही जाण्याआधी बघून घ्या.

घाटात सुई मधल्या जागेवरून वर सरकायला लागली तर एसी बंद, काचा खाली, आणि हीटर पूर्ण गरमवर, त्याचा आतला पंखा जोरात. मे महिन्यात हीटर लावायचा म्हणजे वेडेपणा वाटेल, पण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची थोडी उष्णता तो तुमच्या अंगावर काढतो. वरच्या गिअरमध्ये गाडी रडवू नका, खालचा टाका. सुई लाल पट्ट्याला टेकली किंवा वाफ दिसली तर मात्र बाजूला घेऊन इंजिन बंद, पाऊण तास तरी झाकणाला हात नाही, आणि गरम इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतायचं नाही. सासूबाईंना त्या वेळात भजी खाऊ द्यात.

राहिली भाईंची बाटली. ती रेडिएटरमध्ये ओतू नका. पाणी कुठे गळतंय असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, मग बंद काय करायचं? तो चिकट माल हीटरच्या आणि सीएनजी रिड्यूसरच्या बारीक वाटांत जाऊन बसतो आणि उद्या त्याचं वेगळं बिल येतं. सील फोडलेलं नाहीये ना? मग भाईंना दुकानाचं बिल विचारा, बाटली परत करा आणि त्या पैशांत नवं झाकण घेऊन या.